झुलपं तीच, कुर्ता तोच, मग साधना कुठे गेली?

प्रश्न : नुकतंच आमच्या घरी लग्न झालं. संगीताच्या कार्यक्रमाला मुलींनी ‘साठच्या दशकातल्या नायिका’ असा बेत ठरवला आणि माझ्या भाचीनं साधना व्हायचं ठरवलं. पार्लरमध्ये फोटो दाखवून साधना कट करून घेतला. ‘वक्त’ सिनेमातला कुर्ता आणि चुडीदार टेलरकडून हुबेहूब शिवून घेतला. डोळ्यांना आयलायनर, कानांत लांब डूल, पायांत मोजडी, सगळं झालं. तरी सोबतच्या फोटोत ती शाळेच्या गॅदरिंगमध्ये साधनाचं काम करणारी मुलगी दिसते. पडद्यावर इतकं सहज वाटणारं इथे इतकं ओढूनताणून का दिसावं? माझ्या वहिनी म्हणतात, ‘रूपच तसं लागतं.’ हे खरं का? आणि एक राहिलंच. भाचीला चष्मा आहे. तिनं तो त्या दिवशी काढायला हवा होता का?

– एक वाचक, चिंचवड

उत्तर : तुमच्या पत्रात प्रश्न एक दिसतो, पण त्याच्या पोटात तीन आहेत. केस कापूनही कपाळ तसं का दिसलं नाही? कुर्ता मापाचा असूनही अंगावर तसा का बसला नाही? आणि हे दोन्ही जमून आलं असतं तरी फोटो तसा आला असता का? तिन्हींची कारणं वेगळी आहेत. दोष वाटायचाच झाला तर पार्लरवाली, टेलरमास्तर आणि फोटो काढणारे नातेवाईक अशा सगळ्यांच्या वाट्याला तो थोडाथोडा येईल. भाचीच्या वाट्याला फारसा येत नाही, हे तिला आधी सांगा.

वहिनींचं म्हणणं सुरुवातीलाच निकालात काढू, कारण ते मानलं तर पुढे लिहायला काही उरतच नाही. साधना देखणी होती, यात वाद नाही. पण ज्या सिनेमामुळे साधना कट देशभर गाजला, त्याची गोष्ट आठवून पाहा. सिनेमा 1960 चा, ‘लव्ह इन सिमला’. दिग्दर्शक आर. के. नय्यर, नायक जॉय मुखर्जी. साधनानं त्यात सोनिया केली आहे. ही सोनिया सुरुवातीला चष्मेवाली, गबाळी, कुणी वळून बघू नये अशी मुलगी आहे. तिची आजी, म्हणजे आपल्या दुर्गा खोटे, तिला हाताशी धरते आणि तिचा कायापालट घडवून आणते. थोडक्यात, तुमच्या भाचीनं जो उद्योग केला, तोच त्या सिनेमाचा विषय आहे. रूप जन्मजात असतं आणि त्यावर काही चालत नाही, असं त्या सिनेमाचं म्हणणं असतं तर तो पहिल्या अर्ध्या तासातच संपला असता.

पडद्यामागची हकिकत तर आणखी बोलकी आहे. साधना शिवदासानी 1941 साली कराचीत जन्मली आणि फाळणीनंतर तिचं कुटुंब मुंबईला आलं. ‘श्री 420’ मधल्या एका गाण्यात ती मागच्या नाचणाऱ्या मुलींमध्ये होती. पुढे ‘अबाना’ या सिंधी सिनेमात तिला भूमिका मिळाली. ‘लव्ह इन सिमला’साठी तिची निवड झाली, तेव्हा एक अडचण समोर आली. कॅमेऱ्यातून तिचं कपाळ फार रुंद दिसत होतं. असं सांगतात की, केसांच्या रेषेवर पट्टी चिकटवून कपाळ लहान दाखवायची खटपट आधी झाली, पण ती साधली नाही. मग नय्यर यांना ऑड्री हेपबर्नची झुलपं आठवली. 1953 च्या ‘रोमन हॉलिडे’मध्ये तिनं केलेली, दूतावासातून पळालेली राजकन्या रोममधल्या एका न्हाव्याकडे जाऊन लांबसडक केस कापून घेते, तो प्रसंग तुम्ही पाहिला असेल. त्या धर्तीवर साधनाच्या कपाळावर केस कापले गेले आणि अडचण मिटली. सिनेमा चालला, मुली पार्लरमध्ये जाऊन ‘साधना कट करा’ म्हणू लागल्या, आणि मूळ अडचण सगळे विसरून गेले. पुढे 1966 साली साधनानं नय्यर यांच्याशीच लग्न केलं, पण त्याचं श्रेय झुलपांना द्यायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं.

तर साधना कटचा जन्म एका विशिष्ट कपाळाच्या विशिष्ट अडचणीतून झाला आहे. ज्या मुलीला ती अडचणच नाही, तिनं तो कट करून घेणं म्हणजे शेजारणीला लागू पडलेलं औषध आपण घेण्यासारखं. भाचीचं कपाळ केवढं आहे, हे घरच्या घरी पाहता येतं. भुवईच्या वर स्वतःचीच बोटं आडवी टेकवायची. चार बोटं बसून वर जागा उरत असेल तर कपाळावरचे केस शोभतात. तीन बोटांतच केसांची रेषा लागत असेल, तर झुलपांमुळे चेहरा आखूड आणि डोळे खोल दिसू लागतात. नियम ढोबळ आहे, पण कात्री चालवायच्या आधी पाच सेकंद खर्च करायला हरकत नाही. तुम्ही पाठवलेल्या फोटोवरून अंदाज करायचा तर भाची तीन बोटांच्या बाजूची वाटते.

कपाळ रुंद असतं तरी त्या दिवशी फसगत झालीच असती, कारण तिचे केस ओले असताना कापलेले दिसतात. ओले केस ताणले जातात आणि सुकले की आखडतात. सरळ केस थोडे, कुरळे बरेच. भुवईला टेकतील अशी ओल्यात कापलेली बट सुकल्यावर भुवईच्या चांगली वर जाऊन बसते आणि मुलगी दचकल्यासारखी दिसते. म्हणून झुलपं कोरड्या केसांवर, हवी त्यापेक्षा लांब ठेवून, थोडी थोडी कमी करत कापायची असतात. कपाळाच्या रेषेवर केसांचा भोवरा असेल तर त्या जागची बट कितीही बसवली तरी उभी राहते. अनुभवी हात आधी भोवरा शोधतो आणि मग भांग पाडतो.

त्यात आपली हवा. केसांतल्या प्रथिनांचे धागे एकमेकांना काही नाजूक बंधांनी धरून असतात. पाणी लागलं की हे बंध सुटतात आणि केस सुकताना ज्या आकारात असतील त्या आकारात पुन्हा जुळतात. केस गरम हवेनं किंवा रोलरवर बसतात ते याच कारणानं, आणि पावसाळी संध्याकाळी मोडतात तेही याच कारणानं. हवेतला दमटपणा हे बंध पुन्हा सोडवतो. सिनेमाच्या सेटवर दर शॉटच्या आधी कुणीतरी कंगवा घेऊन उभं असतं. मंगल कार्यालयात भाचीनं सकाळी केस बसवले आणि रात्री 9 वाजता फोटो काढला. मधल्या बारा तासांत तिच्या कपाळाशी कुणी गेलं असेल असं वाटत नाही.

केसांचं आणखी एक आहे. लोक कपाळावरच्या केसांकडे बघतात आणि मागचे विसरतात. साधनाची झुलपं जाड पडद्यासारखी नव्हती. विरळ होती, मधून कपाळ दिसायचं. शिवाय टाळूवरचे केस उलटे विंचरून, फुगवून, वरून एक गुळगुळीत थर फिरवलेला असायचा. पुढे केस खाली आले म्हणून मागे उंची दिली, असा तो तोल होता. फोटोत भाचीचे मागचे केस सरळ, चपट आणि मोकळे आहेत. पुढचा अर्धा भाग 1960 चा आणि मागचा अर्धा आजचा, मग डोळ्यांना खटकणारच. उंचीपुरते केस नसतील तर त्या काळच्या नायिकांनाही नसायचे. गंगावन तेव्हा काही कुणी उगीच विकत नव्हतं.

आता कपड्यांकडे वळू. माझ्या मते खरी गंमत इथे आहे.

‘वक्त’ 1965 चा, यश चोप्रांचा, रंगीत. त्याआधी पडद्यावरची सलवार-कमीज बहुधा सैल आणि घोळदार असायची. साधनानं त्यात घातलेला अंगाबरोबर बसणारा कुर्ता आणि खाली चुड्या पडलेला चुडीदार लोकांना नवा होता. यश चोप्रा सुरुवातीला साशंक होते. कपडा तयार करून दाखवल्यावर ते राजी झाले. तो कपडा घडवणाऱ्या होत्या भानू अथय्या, म्हणजे कोल्हापूरच्या भानुमती राजोपाध्ये. वडील चित्रकार, स्वतः मुंबईच्या जे. जे. मधल्या सुवर्णपदक विजेत्या. पुढे 1983 साली ‘गांधी’साठी जॉन मोलो यांच्यासोबत त्यांना ऑस्कर मिळालं आणि ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या. आपण घरात ठेवलेली बाहुली नीट राहील की नाही या काळजीनं त्यांनी 2012 मध्ये ती अकादमीकडेच सांभाळायला परत पाठवली, यावरून बाई किती व्यवहारी होत्या ते कळतं. हे सगळं सांगायचं कारण असं की, त्या कुर्त्याकडे आपण शिवणकाम म्हणून बघतो आणि तो मुळात चित्रकलेचं शिक्षण घेतलेल्या हातानं काढलेल्या रेषेसारखा आहे. खांद्यापासून घोट्यापर्यंत नजर कुठेही अडकत नाही. ती अडकू नये म्हणून आत काय काय करावं लागतं, हे बाहेरून दिसत नाही.

सगळ्यात मोठा गैरसमज असा, की तसा कुर्ता म्हणजे घट्ट कुर्ता. तुमच्या मास्तरांनीही तेच केलेलं दिसतं. कमरेला आवळलं, छातीला आवळलं आणि मुंढा मात्र नेहमीसारखा खोल, सैल कापला. मुंढा म्हणजे बाही जिथे जोडतात, किंवा बिनबाहीचा असेल तर हात जिथून बाहेर येतो, ती गोलाई. बहुतेक टेलर तो खाली उतरवून कापतात, कारण ‘काखेत काचतंय’ ही तक्रार त्यांना नको असते. पण मुंढा खाली गेला की हाताचा सांधा आणि कापडाचा सांधा यांची जागा चुकते. मग हात वर केला की अख्खा कुर्ता वर चढतो, काखेपासून कमरेपर्यंत तिरप्या सुरकुत्या पडतात, आणि मुलगी हात खाली घेऊन कुर्ता ओढत राहते. फोटोत नेमकं हेच आहे. भाचीनं एक हात उंचावलाय आणि दुसऱ्या हातानं कुर्त्याची कड धरली आहे.

मुंढा काखेच्या जवळ, उंच ठेवला तर उलट होतं. हात हलला तरी छाती-कमरेचं कापड जागचं हलत नाही. म्हणजे कुर्ता अंगाबरोबर असूनही मोकळा वाटतो. हे ऐकायला उलटं वाटतं, पण नाचाचे कपडे आणि चांगले कोट याच तत्त्वावर कापतात. मास्तरांना सांगताना ‘घट्ट शिवा’ असं म्हणू नका. ‘मुंढा वर घ्या, कमरेला आणि छातीला टक्स घ्या, आणि कच्च्या टाक्यांवर एकदा घालून बघू द्या’ असं म्हणा. टक्स म्हणजे कापडात घेतलेले ते निमुळते चिमटे, ज्यांनी सपाट कापडाला गोलाई येते. बाजूच्या शिवणी नुसत्या आत घेतल्या तर कुर्ता अरुंद होतो, पण अंगाचा आकार घेत नाही. आणि कच्च्या टाक्यांची ट्रायल कुणी करत नाही, कारण तिला एक फेरी जास्त लागते. लग्नाच्या हंगामात मास्तर त्याला तयार होणार नाहीत, हे मलाही माहीत आहे. महिनाभर आधी जा.

चुडीदाराची गोष्ट याहून रंजक. त्यासाठी एक हातरुमाल घ्या, साधा सुती. दोन समोरासमोरच्या कडा धरून ओढा. जवळजवळ ताणला जाणार नाही. आता समोरासमोरचे दोन कोपरे धरून तिरपा ओढा. लगेच ताणला जाईल आणि सोडल्यावर बराचसा परतही येईल. कारण विणलेल्या कापडात उभे आणि आडवे धागे काटकोनात असतात. धाग्याच्या दिशेनं ओढलं तर तुम्ही प्रत्यक्ष धाग्यालाच ओढता आणि सुती धागा फारसा ताणत नाही. तिरपं ओढलं की धाग्यांमधला काटकोन मोडून चौकोनाचा शंकरपाळा होतो, आणि त्यातून जी जास्तीची लांबी मिळते, तोच ताण. या तिरप्या कापाला आपले शिंपी उरेब म्हणतात. जुन्या पद्धतीत चुडीदारासाठी कापडाची आधी तिरपी थैली शिवायचे आणि मग त्यातून पाय कापायचे. रबराचा धागा नसलेल्या साध्या सुती कापडाचा चुडीदार पोटरीला चिकटून राहायचा आणि तरी मांडी घालून बसता यायचं, ते या उरेब कापामुळे.

उरेब कापाला कापड जास्त लागतं आणि वेळही. म्हणून आज पुष्कळ ठिकाणी पाय सरळ कापतात. सरळ कापलेला पाय पोटरीवर बसवायचा तर तो घट्ट करावा लागतो, गुडघ्यात अडतो, आणि पहिल्यांदा खाली बसताना शिवण बोलते. हा त्रास नको म्हणून लोक लेगिंग्ज घेतात. लेगिंग्ज आरामाच्या आहेत, मी त्यांच्या विरुद्ध नाही. पण त्या विणीच्या, लवचिक धाग्याच्या असतात. पायाचा प्रत्येक उंचसखल भाग जसाच्या तसा दाखवतात. उरेब चुडीदार पायावरून सरकत जातो आणि घोट्याशी गोळा होतो. तिथल्या चुड्या काही घट्टपणामुळे पडत नाहीत, जादा लांबीमुळे पडतात. पायाच्या मापापेक्षा 8 ते 10 इंच लांबी जास्त ठेवावी लागते. ती न ठेवता चुड्या दिसाव्यात म्हणून तळ आवळला की मोजडीच्या वर दोन केविलवाण्या घड्या पडतात. फोटोत त्या मोजता येतात.

कापडाचं वजन हीही एक बाब. भाचीच्या कुर्त्यावर टिकल्यांचं भरगच्च काम आहे. संगीताला ते हवं हे खरं, पण टिकल्यांच्या वजनानं पातळ कापड खाली ओढलं जातं, टक्स सुटल्यासारखे दिसतात आणि अंगाची रेषा मोडते. जरा अंगाचं, स्वतःची घडी धरणारं रेशीम किंवा चांगलं सुती सॅटिन घेतलं असतं तर काम कमी आणि परिणाम जास्त झाला असता. कापड सुती असेल तर कापायच्या आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून द्यायचं. हे तुमच्या आईला सांगावं लागलं नसतं.

फोटोबद्दल थोडक्यात. मोबाइलचा नेहमीचा कॅमेरा रुंद दृश्य टिपणारा असतो. जवळून काढलेल्या फोटोत जे भाग भिंगाच्या जवळ असतात ते प्रमाणाबाहेर मोठे येतात. चेहऱ्यापासून हातभर अंतरावर धरला तर नाक आणि कपाळ पुढे येतं, कान मागे पळतात. हे अंतराचं गणित आहे, त्यात कुणाच्या रूपाचा संबंध नाही. सिनेमात चेहरा जवळून दाखवताना लांब पल्ल्याचं भिंग लावून कॅमेरा मागे नेतात, म्हणून चेहरा प्रमाणात राहतो. तुम्हीही सात-आठ फूट मागे सरका आणि झूम करा, फरक लगेच दिसेल. शिवाय रुंद चौकटीच्या कडेला उभी असलेली माणसं आडवी ताणली जातात. भाची रांगेच्या अगदी टोकाला उभी आहे. तिची मधे उभी असलेली मावसबहीण त्याच कपड्यात बारीक दिसते आणि ही रुंद, त्याचं कारण एवढंच. उजेडाचं म्हणाल तर कार्यालयातले दिवे सरळ डोक्यावरून पडतात, आणि झुलपं असलेल्या चेहऱ्यावर वरून उजेड पडला की झुलपांची सावली थेट डोळ्यांत जाते. साधनाच्या डोळ्यांवर समोरून, किंचित वरून स्वतंत्र दिवा असायचा आणि केसांच्या कडा उठाव्यात म्हणून मागून वेगळा. घरी एवढं जमणार नाही, पण खिडकीकडे किंवा लॉनवरच्या दिव्याकडे तोंड करून उभं राहता येतं.

आता राहता राहिली ती तुमची ‘सहजता’. ती पडद्यावर दिसते कारण मेहनतीची वेळ आधी येऊन गेलेली असते. ट्रायल, केस, मेकअप, दिवे, तालीम हे सगळं उरकल्यावर कॅमेरा सुरू होतो, आणि जे नीट आलं नाही ते कापून टाकतात. त्या कपड्यात साधना टॅक्सीत कशी बसली असेल, पाठीची चेन कुणी लावून दिली असेल, हे आपल्याला कधीच दिसत नाही. हेपबर्नच्या बाबतीतही तेच. तिची ताठ मान आणि हलकं चालणं आपण जन्मजात समजतो, पण मुलीनं बॅले शिकण्यात वर्षं घातली होती. नर्तिका व्हायचं जमलं नाही म्हणून ती अभिनयाकडे वळली. ‘सॅब्रिना’ या सिनेमापासून तिच्या कपड्यांच्या मागे पॅरिसचा ज्यिवाँशी होता, तो तिच्या हाडापेरानुसार कापणारा. त्यामुळे ‘तिनं काहीही घातलं तरी शोभायचं’ हे जे आपण म्हणतो, त्यात ‘काहीही’ तिनं कधी घातलंच नव्हतं.

भाचीनं तो कुर्ता किती वेळ आधी घातला होता? माझा अंदाज, पहिल्यांदा त्याच संध्याकाळी. नवा कपडा, नवी मोजडी आणि कपाळावर नवे केस एकाच दिवशी अंगावर आले की हात आपोआप या तिघांची चौकशी करत फिरतो. कपाळावरची बट सरकवायची, कुर्ता ओढायचा, टाच उचलून बघायची. बघणाऱ्याला अवघडलेपण दिसतं ते या चौकशीमुळे. यावर उपाय कंटाळवाणा आहे. कट दोन आठवडे आधी करायचा, म्हणजे केसही बसतात आणि हातही. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटरहून थोडे जास्त वाढतात, तेव्हा दोन आठवड्यांत काही बिघडत नाही. कुर्ता-चुडीदार घालून घरात एक संध्याकाळ काढायची, जेवायलाही त्यातच बसायचं. मोजडी तर आठवडाभर घरात घालायला हवी, नाहीतर संगीताच्या दिवशी नाच टाचेवरच्या पट्टीचा होतो.

आणि अगदीच काही जमलं नाही, तर साधनाची दुसरी बाजू आहे. ‘लव्ह इन सिमला’ आला त्याच वर्षी, 1960 मध्येच, बिमल रॉय यांचा ‘परख’ आला. त्यात ती खेड्यातल्या पोस्टमास्तरची मुलगी आहे. साधी साडी, मागे वळवलेले केस, कपाळावर झुलपं नाहीत, डोळ्यांत भरेल असं काही नाही, आणि तरी नजर तिच्यावरून हलत नाही. कपाळ तेच, बरं का. फक्त कॅमेरामननं आणि दिग्दर्शकानं ते न झाकता कसं दाखवायचं याचा विचार केला होता. पुढच्या वेळी भाचीला हा पर्याय सुचवून बघा. खर्च दहावा हिस्सा येईल आणि कपाट उघडलं तर साडी तुमच्याकडेच सापडेल. संगीतात टिकल्यांच्या गर्दीत सुती साडी उठून दिसते, हा वरचा फायदा. ती मुलगी साधना आहे हे ओळखायला मात्र चार जणांना सांगावं लागेल, हे मान्य.

शेवटचा प्रश्न चष्म्याचा. काढायची काही गरज नव्हती. सोनियालाही चष्मा होताच, फक्त सिनेमावाल्यांना तो उतरवल्याशिवाय कायापालट झाला असं वाटेना. लांबचं न दिसणाऱ्या मुलीनं चष्मा काढला की ती डोळे बारीक करून बघते, आणि मग आयलायनरचं सगळं कष्टाचं काम वाया जातं. चष्मा ठेवायचा, पण एक गोष्ट लक्षात घ्यायची. उणे नंबरच्या भिंगामागे डोळे मूळच्यापेक्षा लहान दिसतात, म्हणून आयलायनरची रेघ थोडी ठळक आणि टोकाला थोडी लांब काढावी लागते. अधिक नंबर असेल तर डोळे मोठे दिसतात, तिथे बारीक रेघ पुरते. फ्रेम जाड काळी असेल तर भुवया, झुलपं आणि फ्रेम अशा तीन काळ्या रेघा एकावर एक येतात, त्यामुळे पातळ धातूची बरी. आणि झुलपं कापून घेताना पार्लरवाली सांगेल तरी चष्मा काढून ठेवायचा नाही. केस भुवईवर कुठे येतात यापेक्षा फ्रेमच्या वरच्या कडेला टेकतात की नाही हे बघायचं असतं, आणि ते चष्मा नाकावर असल्याशिवाय कळत नाही.